भिंतीच्या दोन बाजूंचे हीटर

बुलडाणा घाटावर आणि माझी आई घाटाखालची. संग्रामपूरकडच्या माणसाची थंडी म्हणजे सकाळी एक शाल, आणि दुपारी तीही खुंटीला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला आमच्या फ्लॅटवर आणली, तेव्हा तिनं दारातच विचारलं, "एवढी हवा काऊन सोडली इथं?"

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याचं महिनाभरानं करू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे तो महिना तिला ऐन थंडीत आमच्याकडे थांबवून ठेवायचं होतं. एकदा का ती माझ्या धाकट्या भावाकडे खाली उतरली, की डोळ्यासाठी पुन्हा घाट चढणार नाही, हे आम्हा दोघा भावांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी भिंतीवर लावायचे दोन हीटर आणले. एक आईच्या खोलीत, एक आमच्या. मधली भिंत एकच, तिच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून ते बसवायचे. दुकानदार म्हणाला, मिस्त्री पाठवतो. मी म्हणालो, कशाला?

याला कारण आहे. पोरवयात आमच्या विहारावर चौदा एप्रिलची लायटिंग मी करायचो. बारके रंगीत बल्ब एकामागे एक जोडायचे, उरलेली दोन टोकं प्लगमध्ये खोचायची, झाली माळ. शेजारच्या गावचे लोक पाहायला यायचे. पुढं आयुष्यभर मी कचेरीत फायली सरकवल्या, पण मनातून स्वतःला वायरमनच समजत आलो.

तर बोर्डावरून एक वायर काढली, ती आमच्या हीटरमध्ये नेली, तिथून भिंतीला भोक पाडून आईच्या हीटरमध्ये, आणि तिथून परत बोर्डात. दोन्ही खोल्यांना वेगवेगळं बटण दिलं. केवढीशी वायर लागली, याचाच मला अभिमान. बायको खाली स्टूल धरून उभी होती.

"अहो, मिस्त्रीला एकदा दाखवून घेऊ."

"विहाराची लायटिंग कोण करायचं?"

हा प्रश्न तिनं लग्नापासून इतक्या वेळा ऐकला आहे, की ती आता नुसतं स्टूल आणखी घट्ट धरते.

हीटर लागले. लागले म्हणजे, जाळीशी हात नेला तर निजलेल्या मांजराच्या पाठीइतकी ऊब लागायची. मी जाहीर केलं, "व्होल्टेज डाऊन आहे." आमच्याकडे हे वाक्य कुणी तपासून पाहत नाही.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी सुरू झाली. बायको खोलीतून निघताना बटण बंद करते, तिची सवयच आहे. तिनं बटण बंद केलं की भिंतीपलीकडे आईचा हीटर विझायचा. आईच्या डोळ्याला काळा चष्मा, पण कान शाबूत.

"तिकडं टक वाजते अन् माहावाला इझते," आई मला म्हणाली. "सूनबाईले म्हणा, म्हातारी जड झाली असन तं तोंडानं सांग."

"आई, व्होल्टेज आहे ते."

"व्होल्टेज टक वाजते का बे?"

बायकोचीही फिर्याद तयारच होती. आई दुपारी पडली की आपला हीटर बंद करून पडायची, आणि इकडे आमचा जायचा. "मी जरा पाय टेकले की पाच मिनिटांत गार. आत्याबाईंना मी बसलेलं बघवत नाही." मी तिलाही व्होल्टेजच सांगितलं. दोघींना एकच उत्तर देणारा माणूस निःपक्षपाती असतो, अशी माझी समजूत होती. दोघींच्या मते मी फुटलेला साक्षीदार होतो.

आठव्या दिवशी सकाळी आई पिशवी भरताना दिसली. एका लुगड्याची चौथ्यांदा घडी घालत होती.

"उद्याच्या गाडीनं जातो मी."

"आणि दुसरा डोळा?"

"एका डोयानं दिसते तेच पाहवत नाई. दुसरा कायले पाह्यजे?"

आता मात्र मी टेस्टर काढला. माझं बटण चालू ठेवलं, आईचं बंद केलं आणि आमच्या हीटरच्या एका टोकाला टेस्टर लावला. पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथंही पेटला. एरवी एकाच बाजूला पेटतो, एवढं मला माहीत होतं. म्हणजे करंट दुप्पट येतोय, आणि तरी हीटर गार. मी हा निष्कर्ष बायकोला सांगितला. तिनं सरळ गल्लीच्या टोकावरच्या मिस्त्रीचाचांना फोन लावला.

चाचा आले ते एक बल्ब घेऊन. होल्डरला दोन वायरी, बाकी काही नाही. बोर्डावर लावला, बल्ब लख्ख. "भाऊ, व्होल्टेज तं एकदम फस्कलास हाय." मग दोन्ही बटणं चालू ठेवून तोच बल्ब हीटरच्या टोकांना लावला, तर तो लाल पिवळा होऊन मरगळला. चाचांनी मेन स्विच पाडला, वायर बोटांनी चाचपत भोकापर्यंत गेले, पलीकडे जाऊन पाहून आले आणि हळूच म्हणाले, "हे तं माळ केली कोणी. एक बंद केला का दोन्ही बंद. अन् चालू असले तरी दोघांत अर्धं अर्धं. कोण होता मिस्त्री?"

"होता एक," मी म्हणालो.

चाचांनी माझ्या हातातल्या टेस्टरकडे पाहिलं आणि पक्कड काढली. अर्ध्या तासात प्रत्येक हीटरला बोर्डावरून आपापली वायर दिली. हीटर असा तापला, की मला मागं सरकावं लागलं. काम फत्ते. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही, असं वाटून मी आईच्या खोलीत गेलो.

आई पिशवीची चेन लावत होती.

"लागला ना आता हीटर?"

"लागंन नाई तं काय. परक्या माणसासमोर कशी बंद करंन ते? चाचा गेला का पुन्हा टक."

बायको दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मला कळलं, की हीटर दुरुस्त झाला तरी पिशवी उघडणार नाही. आता माळच सांगावी लागणार. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगितलं. वायर, भोक, अर्धं अर्धं, आणि दुप्पट करंटसुद्धा.

आईनं काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"म्हंजे विहारावरच्यासारखी?"

"हाव."

"सूनबाई, याची माळ कधी मिरवणुकीच्या टायमाले लागलीच नाई. एक बल्ब जाये अन् सारी इझे. लोक खाली उभे, अन् हा शिडीवर एकेक बल्ब हलवून पाहे. शेवटी गॅसबत्तीवर निघे मिरवणूक."

"मला तर सांगितलं, शेजारच्या गावचे पाहायला यायचे."

"याले पाहाले येत."

बायको आत येऊन आईजवळ बसली. पिशवीतलं लुगडं तिनंच काढून खुंटीला टाकलं. तो उरलेला महिना दोघी आईच्या खोलीत एकाच हीटरपुढं बसायच्या. आमच्या खोलीतल्या हीटरची सगळी ऊब मला एकट्याला होती, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की तो कुणाबद्दल असावा, याचा विचार करायला वेळही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी चष्मा निघाला, तेव्हा आई पलंगावर बसून आधी सुनेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे आणि मग भिंतीकडे. हीटरखालच्या वायरवर मी ठोकलेली पट्टी चाचांनी तशीच राहू दिली होती.

"तिरपी हाय रे ते," आई म्हणाली.