राखून ठेवलेल्या गोळ्या

आबांना आडवं होता येत नव्हतं. कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरला होता. भिंतीला वाकळ लावून ते बसूनच डोळे मिटायचे आणि अंग जरा हललं की असे ओरडायचे, की दारापुढं जाळीत कोंडलेली मेंढरं दचकून उठायची. माण तालुक्याच्या उन्हात जन्मभर मेंढरांमागं चाललेला माझा बाप. आई चुलीपुढं ते ऐकत बसायची. तव्यावर भाकरी करपायची.

मी सांगलीहून रजा काढून आले होते. विश्रामबागेत कॉलेज करून पदवी घेतलेली आमच्या घरातली मी पहिली. आता नोकरीही तिथंच. म्हटलं, "आबा, सांगलीला दवाखान्यात जाऊ."

"मी न्हाई येत. हितनं मेंढरं दिसत्यात. तितं काय, पंखा बघत मरू?"

पण दुखणं थांबलं नाही तर न्यावंच लागणार होतं.

अशा पेशंटना घरी येऊन बघणाऱ्या एक सिस्टर म्हसवडहून गाडीवर यायच्या. मागच्या खेपेला त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या होत्या. दुखो न दुखो, ठरल्या वेळेला द्या म्हणून बजावलंही होतं. या खेपेला त्यांनी गोळ्या बघायला मागितल्या. आईनं डाळीच्या डब्यातनं पाकीट काढलं. जवळजवळ भरलेलं.

"मावशी, दिल्या नाहीत?"

"देती की. लय वरडाय लागलं की देती. भारी औषद हाय, राखून वापरल्यालं बरं."

भिंतीकडनं आबा म्हणाले, "टँकरच्या पाण्यागत चाललंय हिचं. माझ्यावरबी दुष्काळ पाडलाय."

सिस्टर हसल्या. रागावल्या नाहीत. "मावशी, मेंढरांना पाणी कधी दाखवता? तहानेनं खाली बसल्यावर?"

"आवं, बसल्यावर काय उपेग? बसल्यालं मेंढरू उठतंय व्हय! त्याच्या आदीच..."

आईनं पाकिटाकडं बघितलं. मग उठून तांब्या भरून आणला. "आता देऊ?"

सिस्टरनी मान हलवली.

त्या दिवसापासून आईनं एक वेळ चुकवली नाही. दुखायची वाट बघायची नाही, हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. गोळीबरोबर पोट साफ व्हायचं औषध, सिस्टरनी दाखवलं तसं चादर धरून कुशीवर वळवणं, ओल्या फडक्यानं तोंड पुसणं, सगळं तिनं हातात बसवलं. नव्यानं जन्मलेलं कोकरू जसं ती उचलायची, तसाच तिचा हात आबांच्या मानेखाली जायचा. मी शिकले याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तेवढाच अभिमान मला आईच्या त्या हातांचा आहे.

थोड्याच दिवसांत आबा आडवे होऊन झोपले. घोरायलाही लागले.

"ऐक," आई म्हणाली, "आता मेंढरं ह्येंच्या घोरण्यानं उठत्याल."

सांगलीला न्यायची वेळ आली नाही. आबा घरीच गेले, दाराकडं तोंड करून, मेंढरं दिसतील असे. शेवटच्या दिवसांत ते ओरडले नाहीत.