भाग्यश्रीचा पोळ्यांचा डबा

रोज सकाळी अकराला भाग्यश्री गजभिये पोळ्यांचा डबा उघडायची आणि त्यातून पोळ्या सोडून बाकी सगळं निघायचं. बाकी सगळं म्हणजे सात जुने मोबाइल. कुणाची काच तडकलेली, कुणाचं पाठचं झाकण रबर लावून धरलेलं. प्रत्येकावर तो देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी: बाबा, विमलाबाई, बायडाबाई वगैरे. मग ती आपलं नवं संकेतस्थळ एकेका फोनवर उघडून बघायची आणि मोठ्यांदा सांगायची, "बाबा ठीक आहेत, पण विमलाबाईंचा मेनू खाली घसरलाय." नवखा ग्राहक समोर बसलेला असला तर तो खुर्ची थोडी मागे घ्यायचा.

आमचं ऑफिस बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. आमच्या कीबोर्डांवर कायम ज्वारीचा थर असतो. मालक रणजित. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आयुष्याची आठ वर्षं बसून काढल्यावर त्याला स्वातंत्र्याची ओढ लागली, म्हणून त्याने भाग्यश्रीला आणि मला नोकरीवर ठेवलं. भाग्यश्री संकेतस्थळांची सजावट करते, मी त्यांतला मजकूर लिहितो. माझं नाव अभय. पूर्वी मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. दैनिक बंद पडलं, पण दुसऱ्याच्या चुका काढायची सवय शाबूत राहिली.

भाग्यश्रीच्या धंद्याचं दुखणं असं, की कुठलंही संकेतस्थळ आपण ब्राउझरमधून बघतो आणि सगळे ब्राउझर सारखे शहाणे नसतात. नव्याला सजावटीच्या नव्या खुब्या कळतात. जुन्याला कळत नाहीत, आणि जे कळलं नाही ते तो मुकाट्याने सोडून देतो. आमच्या पेठेतल्या दुकानदारासारखं, 'नाही' एवढंसुद्धा सांगत नाही. म्हणून भाग्यश्री आधी पान अगदी साधं करायची, कुठल्याही फोनवर दिसेल असं. मग ब्राउझरला विचारायची, बाबा रे, ही नवी खुबी तुला येते का? येत असेल तर त्याच्यापुरता साज चढवायची. आधी भाकरी, मग ठेचा. यात काम दुप्पट व्हायचं आणि रणजितचा रक्तदाबही.

ही खोड तिला वडिलांकडून लागली. गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. नागपूरच्या एका वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शिकले, टपाल खात्यात लागले, बदली होऊन पुण्याला आले. सुट्टीच्या दिवशी विहारात चटईवर बसून वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. "ज्याला फॉर्म भरता येत नाही, त्याला सरकार दिसत नाही," असं ते म्हणायचे, आणि लहानगी भाग्यश्री शेजारी बसून शाईचा पॅड धरायची. एवढं सगळं ठाऊक असूनही मी तिच्या डब्याची टिंगल सोडली नाही. "भाग्यश्री, तुमचा डबा एखाद्या संग्रहालयाला द्या, तिकीट तरी लावतील," हे माझं आवडतं वाक्य होतं. महिन्यातून दोनदा तरी म्हणायचोच.

मग या मे महिन्यात लोणी काळभोरच्या एका संस्थेचं काम आलं. मुलींचं वसतिगृह, साठ जागा, आणि यंदापासून अर्ज फक्त ऑनलाइन. संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब म्हणजे साधा माणूस. फॉर्म नीट चालावा, एवढीच त्यांची मागणी. रणजितला मात्र त्याच सुमारास डिझाइनची एक स्पर्धा दिसली. त्याने ठरवलं की वसतिगृहाचं संकेतस्थळ स्पर्धेत उतरवायचं आणि त्यावर सगळीकडे धुरकट काच दिसली पाहिजे. बाथरूमच्या खिडकीला असते तशी. मागे मुलींचे हसरे फोटो, पुढे काच, काचेवर फॉर्म. खेड्यातल्या मुलीला वसतिगृहात जागा हवी असली तर ती आधी काच शोधते, हे त्याला कुठून समजलं ते विचारायचं राहून गेलं.

ही काच जुन्या ब्राउझरना येत नाही. त्यांच्यासाठी साधं पान वेगळं करायला चार दिवस लागणार होते आणि स्पर्धेची मुदत दोन दिवसांवर आलेली. रणजित म्हणाला, "या वेळी डबा राहू दे. जिंकलो तर तू मुख्य डिझायनर."

मला वाटलं, ती भांडेल. ती भांडली नाही. दुपारी चहाच्या वेळी मला म्हणाली, "अभयसर, अकरा वर्षं मी सगळ्यांना दिसेल असं करतेय. दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. एकदा तरी मला सुंदर करायचंय हो."

तिने ते केलं आणि ते खरोखर सुंदर झालं. काचेमागे रंग असे हलायचे की मीसुद्धा, ज्याला कशातच काही चांगलं दिसत नाही, पाच मिनिटं चुका काढायचं विसरलो. जुन्या फोनसाठी तिने साध्या पानाऐवजी फक्त दोन ओळींची जागा ठेवली. "इथे काहीतरी लिहून द्या," म्हणाली.

मी लिहिलं: 'आपला ब्राउझर जुना आहे. संकेतस्थळ उत्तम आहे. नवीन फोनवरून यावे. याबाबत चौकशी करू नये.'

रणजित इतका हसला की खालून गिरणीवाल्याने विचारलं, काय झालं. पाटी लिहिणं ही आमच्या शहरात कला समजतात, आणि ही माझी उत्तम कृती होती. रणजितने त्या पाटीचा फोटो चार ठिकाणी पाठवला. पोळ्यांचा डबा कपाटावर गेला.

संकेतस्थळ सुरू झालं. आठवड्याने रावसाहेबांचा फोन आला, "झकास दिसतंय हो, पण अर्ज फार कमी आलेत." रणजित म्हणाला, शेवटच्या दिवशी गर्दी होते, लोकांना सवयच आहे. मीही दुजोरा दिला. वर एक विनोदही केला, जो आता मला आठवत नाही, असं मी सांगतो.

अर्जाचा शेवटचा दिवस, शुक्रवार, दुपारचे तीन. पाच वाजता फॉर्म बंद होणार होता. बायडाबाई फरशी पुसत होत्या. त्या आमच्याकडे नऊ वर्षं आहेत. पुसता पुसताच म्हणाल्या, "ताई, सोमवारी म्या येनार न्हाई. राधीला आनाया जाते."

राधा म्हणजे त्यांची नात, भिगवणजवळच्या खेड्यात राहते. भाग्यश्रीने विचारलं, "अहो, तिचा तर कॉलेजात नंबर लागला ना?"

"लागला की. पर ऱ्हायाचं जमंना. वसतिगृहाचा फारम आमच्या फोनवर चालत न्हाई म्हनं. हितनं रोज कालेजात जायाचं भाडं परवडंना. आनते हितं, माझ्यासंगं चार घरं धरंल."

"कुठलं वसतिगृह, बायडाबाई?"

"लोनी काळभोरचं."

भाग्यश्रीचे हात कीबोर्डवरच थांबले. "अहो, ते आम्हीच केलंय! मला का नाही सांगितलंत?"

"तुमाला काय सांगायचं? तिथं पाटीच हाय, चौकशी करू नये म्हनून. राधीनं वाचून दावली. चूक आमच्याच फोनची हाय." पुसणं चालूच होतं. "तुमाला दिला व्हता ना, त्याचाच जोडीदार राधीकडं हाय. दिवाळीला एकावर एक मिळाले व्हते."

भाग्यश्री स्टुलावर चढली आणि डबा खाली काढला. 'बायडाबाई' चिठ्ठीचा फोन चार्जिंगला लावला. तो जिवंत व्हायला सहा मिनिटं लागली. मग तडकलेल्या काचेवर माझी चार वाक्यं आली. फॉर्म नाही, फोटो नाही, फक्त तीच. मी ती तोवर फक्त रणजितच्या नव्या लॅपटॉपवर पाहिली होती. तिथे ती फार खुसखुशीत वाटायची.

भाग्यश्रीने एका जुन्या कामातलं साधं पान काढलं आणि त्यात फॉर्म बसवायला घेतला. चार दिवसांचं काम, पण साज सगळा सोडून दिला की पोटापुरतं एका तासात होतं. रणजित धावत आला. "अगं, परीक्षक आत्ताच बघत असतील! मध्येच काही तुटलं तर?"

"तुटलेलंच आहे," ती मान वर न करता म्हणाली.

सव्वाचारला त्या फोनवर पांढरं पान आलं. काळी अक्षरं, आठ रकाने, खाली एक बटण. इतकं साधं की स्पर्धेत त्याला दारावरूनच परत पाठवलं असतं. बायडाबाईंनी राधाला फोन लावला आणि ओला हात पदराला पुसत ओरडल्या, "बग गं, आता बग!" चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी राधाचा अर्ज आला.

मग भाग्यश्रीने रावसाहेबांना फोन केला. रणजित समोरून खुणा करत होता, सर्व्हर बंद पडला म्हण, सर्व्हर. ती म्हणाली, "रावसाहेब, अर्ज कमी आले ही चूक माझी आहे. जुन्या फोनवर फॉर्म उघडतच नव्हता. मी तपासलं नाही." ते म्हणाले, "चार दिवस मुदत वाढवू. पण पोरी परत गेल्या, त्यांना कळवायचं कसं?"

भाग्यश्रीने नोंदी काढून पाहिल्या. पाटी किती वेळा दिसली याची नोंद सर्व्हरवर होती: दोनशे सतरा वेळा. नाव नाही, नंबर नाही, कारण नाव लिहायचा रकाना पाटीच्या पलीकडे होता. एकेक मुलगी तीन-तीनदा येऊन गेली असेल, असं मी हिशेब करून भाग्यश्रीला सांगितलं. "मग सत्तर," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वाढीव चार दिवसांत जुन्या फोनवरून एकोणीस अर्ज आले.

स्पर्धेचं पारितोषिक अशा एका संकेतस्थळाला मिळालं, जिथे काय विकतात ते मला अजून समजलेलं नाही. मुख्य डिझायनरचा विषय पुन्हा निघाला नाही. डबा रोज अकराला उघडतो. मी संग्रहालयाचं वाक्य म्हणत नाही.

राधाला जागा मिळाली. बायडाबाई पेढे घेऊन आल्या आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरला. "राधी म्हनली, त्या पाटीवरचं मराठी लई शुद्ध व्हतं. म्या म्हनलं, आमच्या सायबांचं आसंल."

मी पेढा घेतला. राधाची आजी आमची फरशी पुसते, म्हणून राधाला कळलं. त्या सत्तरांतल्या उरलेल्या पन्नास मुलींच्या आज्या कुणाच्या फरशा पुसतात, ते आम्हाला ठाऊक नाही.