मंगळावरच्या चिमण्या

फोन ठेवू नकोस गं, जरा ऐक. आत्याचं बोलणं इतकं कुणी मनाला लावून घेतं का? दिवाळी झाली नि आपलं आणे गाव सोडून पुण्याला गेलीस, ती फोनवरसुद्धा नुसतं हं-हं करतेस.

अंगणात मटकी निवडत बसलो होतो आपण. कॉलेजच्या अंकाला द्यायची म्हणून तू लिहिलेली गोष्ट मोबाईलमधून वाचून दाखवत होतीस. आपल्या पठारावरची माणसं मंगळावर राहायला गेली. वर काचेचा मोठा घुमट, हवा करायला यंत्र, आत बाजरी. मी एकदाही अडवलं नाही. मग त्यातली पोरगी शेतातल्या माळ्यावर चढून गोफण फिरवत चिमण्या हाकायला लागली, तिथं माझा हात थांबला.

"मंगळावर चिमण्या कुठनं आल्या गं?"

"आत्या, माणसं मंगळावर गेली ते तुला चाललं, आणि चिमण्यांवर अडलीस?"

चाललं खरं. का चाललं, तेच मला सांगता येईना. तू मात्र रागानं म्हणालीस, पुसूनच टाकते ही गोष्ट.

तेव्हापासून लई विचार केला. तुझा बाप तरुणपणी घाटघरला कामाला होता. तिकडं बिबट्या आपल्याशी बोलला, असं तो रंगवून सांगायचा नि आम्ही कान देऊन ऐकायचो. पण भर पावसात ओली लाकडं एका काडीत पेटली म्हणाला, तशी तुझी आजी म्हणाली, "आता थापा मारायला लागलास व्हय रं?" बोलणारा बिबट्या तिनं कुठं बघितला होता? ओलं लाकूड मात्र जन्मभर फुंकलं होतं.

तुझंही तसंच झालं असेल. घुमट कुणी बांधला, हवा कुठून आली, ते तू सांगितलंस. चिमण्या तेवढ्या आपल्या बाजरीबरोबर न सांगता आत आल्या.

पण मग पुसायच्या कशाला? कुणीतरी नेल्या असतील. एखाद्या म्हातारीनं यानात बसताना पदराखाली लपवल्या असतील. का बरं? शेजारणीला विचारलं तर ती म्हणते, "चिमण्या नेल्या तर मांजर बी न्यावं लागंल." आता ते मांजर माझ्या डोक्यातनं जात नाही.

गोष्ट पुसली नसशील तर घेऊन ये. पुसली असशील तरी ये, मला बरीचशी आठवते, सांगेन तशी लिहून घे. पण त्या चिमण्या कुणी नेल्या, ते मला ठाऊक नाही. ते तुलाच सांगावं लागेल. येत्या रविवारीच ये, बाई.