घरून पेटून जाणारी बत्ती

वडोदऱ्याच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आरोंद्याहून सुटणारी पहिली एसटी उजाडायच्या आधीची, आणि आमच्या वाडीपासून थांब्यापर्यंत माडांतून वीस मिनिटांची वाट. बाबांचा धंदा गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. लग्न, भजन, दशावतार, जिथे उजेड लागेल तिथे आमच्या ओटीवरची बत्ती जायची. अशा सात बत्त्या घरात असताना मला सोडायला बाबा निघाले ते हातात बॅटरी घेऊन, तीही सेल उतरलेली. आधी सवयीने त्यांनी बत्तीलाच हात घातला होता. आई आतून आली आणि म्हणाली, "पेटती बत्ती घेवन पोराक सोडूक जातास? बॅटरी घेवा."

बाबांनी बत्ती खाली ठेवली. वाटेत मी दोनदा ठेचकाळलो. गाडी सुटताना मागे वळून पाहिलं तर बॅटरीचा पिवळा ठिपका होता, बाबा दिसत नव्हते.

आई का बोलली ते आमच्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. बत्तीचं मँटल, म्हणजे उजेड देणारी कापडी जाळीची पिशवी, एकदा जळलं की त्याची नुसती राखेची जाळी उरते, जरा धक्का लागला की झडते. म्हणून लग्नाची बत्ती विझलेली न्यायची, मांडवात नवीन मँटल बांधायचं आणि तिथेच पेटवायची. फक्त कुणाच्या घरी माणूस गेलं की बाबा बत्ती आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पेटवायचे आणि पेटती हातात घेऊन चालत जायचे. हात जराही हलू द्यायचा नाही. बोलावणं लागायचं नाही, भाडं घ्यायचं नाही. खाडीच्या बांधावरून तो उजेड हळूहळू जाताना दिसला की लोक आपापल्या खळ्यात उभे राहून बघायचे, कुणाच्या घराकडे वळतो ते. मग माणसाला उचलेपर्यंत बाबा तिथेच बसून तिला पंप मारायचे.

आम्हा मुलांना मरणाच्या घरी नेत नसत. त्यामुळे त्या कामाची बत्ती वेगळी आहे, ती दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. सातही मला सारख्याच दिसायच्या.

वडोदऱ्यात मी रंगाच्या कारखान्यात लागलो आणि तिथलाच झालो. बायको तिथली, मुलगा घरात गुजराती बोलतो, मीही रागावलो की पहिला शब्द गुजराती येतो. मजा मा, मजेत आहे, असं सगळ्यांना सांगत राहिलो. रविवारी सकाळी नदीकाठच्या गुजरीत, जुन्या वस्तूंच्या बाजारात, जायची सवय लागली. एकदा तिथे भंगाराच्या ढिगात एक बत्ती दिसली, काच फुटलेली, पंप अडकलेला. मी ती घरी आणली, पंपाचा चामडी वॉशर तेलात भिजवला, पिन साफ केली, स्पिरिट घालून पेटवली. तिचा सूं असा आवाज सुरू झाला आणि माझे डोळे भरून आले. बायकोने खिडक्या उघडल्या. रॉकेलच्या वासाने तिचं डोकं दुखतं.

त्या दिवसापासून खूळ लागलं. जर्मन, स्वीडिश, कलकत्त्याच्या, एक मिलिटरीची. चौतीस झाल्या. दिवाणखान्यात काचेचं कपाट करून घेतलं. टाकीवर पोचे किती, निकल कुठे उडालंय, हे मला लांबून दिसायला लागलं. बाबांना फोनवर सांगायचो तेव्हा ते विचारायचे, पेटवतोस की नुसत्या पुसतोस. मी म्हणायचो, पुसतो. मग ते जेवलास का विचारायचे.

आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. चांगलं उजाडलं होतं, तरी खळ्यात बत्ती जळत होती. ती विझवायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि बाबा पंपावर अंगठा ठेवून तसेच बसले होते. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आईच्या पायांशी वाकताना माझी नजर त्या बत्तीच्या टाकीवर गेली. एकही पोचा नाही, निकल कोरं. एवढी चांगली बत्ती आपल्या घरात होती, हे माझ्या मनात आलं.

दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा मी ती मागितली. गावात वीज येऊन जमाना झाला होता, लग्नांना जनरेटर आले होते, बाकीच्या सहा बत्त्यांच्या टाक्या खाऱ्या वाऱ्याने गळत होत्या. ही मात्र माळ्यावर धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली होती. बाबा म्हणाले, "ती नको. दुसरी व्हयी ती व्हर." मी हसून म्हणालो, दुसऱ्यांत घेण्यासारखं काय उरलंय, ही तर वापरलेलीच नाही. वापरलेली नाही! बत्ती कमी वापरलेली असली तर का, एवढा साधा प्रश्न चौतीस बत्त्यांच्या मालकाला पडला नाही. बाहेरगावच्या मुलाला नाही म्हणणं आपल्याकडच्या आईबापांना जमत नाही, तुम्ही गावात राहिलेल्यांनी हे पाहिलं असेल. शेवटी त्यांनी ती स्वतः गोधडीत बांधून दिली. "उगीच पेटव नको हां," एवढंच म्हणाले. मला वाटलं, ते जपून वापर म्हणताहेत.

मग ते वादळ आलं. पहिल्यांदा आपल्या किनाऱ्यावर, मग वर सरकत गुजरातकडे. दोन दिवस बाबांचा फोन लागत नव्हता. टॉवर पडले असतील, असं सगळेच म्हणत होते, मीही स्वतःला तेच सांगत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोसायटीतली वीज गेली. लिफ्टमध्ये एक मासी अडकल्या होत्या, लहान मुलं रडत होती. मला वाटलं, आपण काहीतरी करावं. कपाटातली सगळ्यात चांगली, बाबांनी दिलेली बत्ती काढली, नवीन मँटल बांधलं आणि खाली कंपाउंडमध्ये आणून पेटवली. लख्ख उजेड पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी चहा आणला, कुणी नाश्ता. अंकल, आ तो जोरदार छे, असं म्हणत पोरं फोटो काढत होती. मी त्यांना पंप कसा मारायचा ते दाखवत होतो. खूश होतो मी, अगदी खूश.

त्याच संध्याकाळी, तिन्हीसांज उलटल्यावर, आरोंद्याला बाबा गेले. सुमनकाकीने मला ते तिसऱ्या दिवशी कळवलं. ती आमच्या शेजारची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीच राहते. सावंतवाडीला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिने माझा नंबर दिला होता. मी पोचलो तो चौथा दिवस. रस्त्यावर झाडं पडलेली, शेवटचे सहा मैल चालत गेलो. अग्नी चुलतभावाने दिला होता.

काय झालं ते काकीने सांगितलं. अंधार पडल्यावर उचलता येत नव्हतं, म्हणून उजाडायची वाट बघत चार माणसं बसून राहिली. वीज नाही, मोबाइल मेलेले. देवाकडची समई आणली, ती वाऱ्यात राहीना. चिमणी लावली, तीही विझली. मग लावायचं सोडून दिलं. बाबा आपल्याच ओटीवर काळोखात होते, आणि माणसं त्यांच्या अंगावरून काही जात नाही ना, हे हाताने चाचपून बघत होती.

"तुझ्या बापाशीन ह्या वाडीतलो एकय माणूस काळोखात ठेवूक नाय," काकी म्हणाली. "माझो घोव गेलो तेवा रातभर बसान होतो. आनी तेकाच काळोखात रवचा लागला." ती मला दोष देत नव्हती. मरणाच्या घरची बत्ती वेगळी असायची हे मला तेव्हा तिच्याच तोंडून कळलं, पण ती कुठे गेली हे तिला ठाऊकच नव्हतं. मीच सांगितलं. वादळात मी ती कशासाठी पेटवली होती तेही सांगितलं. काकीने पदराने तोंड पुसलं आणि उठून चुलीकडे गेली.

बाराव्यानंतर मी वडोदऱ्याला जाऊन बत्ती परत आणली. काकीच्या ओटीवर ठेवली, मँटलची पाकिटं ठेवली, पिना ठेवल्या. ती म्हणाली, रेशनवर रॉकेल बंद झालंय आणि पेटवायला येतं कुणाला. खरं होतं ते. मग मी कुठून तरी रॉकेलचा डबा मिळवला, आठ दिवस राहिलो आणि तिला शिकवलं. स्पिरिट किती, पिन कधी फिरवायची, पंप कुठवर. सत्तरीची बाई, बोटं वाकडी झालेली. चार मँटलं झडली, पाचवं टिकलं. मग ती पेटती बत्ती हातात धरून खळ्यातून विहिरीपर्यंत चालत गेली आणि मँटल न झडता परत आली. मी पायरीवर बसून रडलो. तिने न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर दोनदा ती बत्ती बांधावरून गेली, असं चुलतभाऊ सांगतो. लोक पुन्हा खळ्यात येऊन उभे राहिले. मी नव्हतो.

माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना एक विचारतो. आपल्या फ्लॅटमध्ये आपण गेलो तर न बोलावता कोण येणार? आमच्या सोसायटीतले लोक चांगले आहेत, येतील, ग्रुपवर मेसेज पडला की येतील. कपाटात चौतीस बत्त्या आहेत. एकही पेटवायची मुलाला येत नाही, आणि मी त्याला शिकवलंही नाही.

गेल्या खेपेला निघताना मी काकीला म्हणालो, माझी बातमी आली तर आमच्या खळ्यात एकदा लाव. ती बत्तीची काच पुसत होती. वर न बघता म्हणाली, "माझी पाळी तुझ्या आदी. तेवा पेटवक येशीत मरे?"

मी येईन म्हणालो. तेव्हापासून एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, तिच्यात दोन मँटलं, एक पिन आणि बाबांचा पंचा. गाड्यांच्या वेळा पाठ आहेत. वडोदरा ते सावंतवाडी एक रात्र लागते, आणि पुढे आरोंदा. आईच्या वेळी सकाळ झाली होती, बाबांच्या वेळी चौथा दिवस. घर कुठलं असं आता कुणी विचारलं की मला तेवढंच आठवतं, जिथे मी दोनदा उशिरा पोचलो आणि तिसऱ्यांदा उशिरा पोचून चालणार नाही.