गणूचा पंखा

सन एकोणीसशे सतरा, पौषातली थंडी. बसऱ्याजवळ विमानांच्या तळावर आम्ही जुन्नरकडचे तिघे होतो. मी नारायणगावचा लोहार, विमानावर बंदुका बसवायचो. आणे गावचा गणू सुतार विमानाचे लाकडी पंखे घडवायचा. चंपालाल आमच्याच पेठेतला जैन, काडतुसांच्या कोठारावर कारकून. भट्टीपुढे राख साठते तसे तिथले किस्से साठलेत. झालं तसं सांगतो.

*

बंदूक विमानाच्या नाकावर आणि तिच्या तोंडापुढे पंखा. गणूने पाहिलं आणि विचारलं, "आरं, ह्यो साहेब वैऱ्याला मारनार का माझ्या पंख्याला?"

मी समजावलं. इंजिन फिरतं तशी एक लोखंडी दांडी हलते, ती चाप ओढते. पातं समोर असलं की बंदूक गप्प. पातं सरकलं की गोळी. "लेझमीवानी हाय. ताल चुकला तर टाळकं फुटतं."

"टाळकं कुनाचं? पंखा माझा!"

*

एकदा बंदुकीचा घोडा अडकला. मी चंपालालला ओरडून सांगितलं, "घोडा अडलाय, साहेबाला कळव!" त्याने लगेच इंग्रजीत चिठ्ठी लिहिली.

अर्ध्या तासात जनावरांचा डॉक्टर हजर, हातात औषधाचा नळा! "घोडा किधर है?" मी विमानाकडे बोट दाखवलं.

चंपालाल म्हणाला, "राव, आमच्या दुकानात घोडा म्हंजी घोडाच!"

*

काडतुसं कापडी पट्ट्यात ओवलेली असत. कापड दमटलं की काडतूस सुटत नसे. चंपालालने सगळे पट्टे खाटांवर उन्हात पसरले आणि पापड राखावेत तसा काठी घेऊन बसला.

हा मुंगी चुकवून चालणारा माणूस. गणूने टोचलं, "शेठ, मुंगी वाचिवता आन् काडतुसं वाळिवता?"

"वाळिवतो. उडिवतो कोन? तुमी!"

*

उन्हाळा आला. एका दुपारी आमचा तरुण साहेब उडाला आणि लगेच कसाबसा उतरला. पंख्याला तीन भोकं. त्याच्याच गोळ्यांची. ताल मी लावला होता.

सार्जंट म्हणाला, आणखी एक भोक पडलं तर लोहार खंदक खणायला जाईल. गणू पुढे झाला. "साहेब, पंखा मी देतो. ह्याला येक डाव द्या."

महिनाभर घडवलेला पंखा त्याने स्वतः चढवला. मग माझ्याकडे वळला. "येक पंखा देनं लागतोस, भाऊ. इसरू नगं!"

*

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवतात. लोखंड वाढतं. हे माझ्या बापाने शिकवलेलं. ताल मी सकाळी थंड इंजिनावर लावायचो. दुपारी दांडी तापून वाढायची आणि ताल बिघडायचा.

साहेबासमोरच सार्जंटला सांगितलं, इंजिन तापवून ताल लावू. तो हसला. "बैलगाडीवाला विमान सिखाता है!"

मी म्हणालो, "आमच्या गाडीची धाव निघत न्हाई. तुमच्या पंख्याला तीन भोकं हायेत."

साहेब म्हणाला, "करो."

तापल्या इंजिनावर ताल लावताना हाताला फोड आले. विमान बांधून वाळूच्या ढिगावर पट्टा रिकामा केला. गणूने दोन्ही पात्यांवरून तळवा फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता.

*

पंधरा दिवसांनी साहेब खऱ्या लढाईवर गेला. गणू आणि मी दुपारभर आभाळाकडे बघत होतो.

साहेब उतरला. गणूने आधी पंखा पाहिला, मग साहेब.

त्याच्या गोळ्या लागून शत्रूचं विमान नदीपलीकडे वाळूत उतरलं होतं. त्याचा वैमानिक सायंकाळी आमच्याच तंबूत चहा प्याला. विमान लॉरीवर घालून आणलं. पंख तुटलेले, पंखा मात्र धड.

साहेबाने विचारलं, "लोहार, क्या मांगता?"

मी बोट दाखवलं.

तो पंखा खांद्यावर घेऊन गेलो आणि गणूपुढे ठेवला. गणूने टिचकी मारली. कान लावला. पुन्हा टिचकी मारली.

"आक्रोडाचं लाकूड हाय," तो म्हणाला. "फिटलं."