तिळाच्या डब्यातला सेनापती

त्या रविवारी दुपारी शिशाचा एक सेनापती आमच्या घरातून नाहीसा झाला, आणि माझ्या नवऱ्याची एक मैत्री संपली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. यांना जाऊन आठ महिने झाले. घरात आता कुणापासून लपवायचं असं काही उरलेलं नाही, तरी लिहायला बसताना मी दाराला कडी लावली. कशासाठी? ठाऊक नाही.

आधी शिलाई मशीनचं सांगते. मशीन माझी, वडिलांनी लग्नात दिलेली, पायाची. प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत उत्तरेची खिडकी एकच, आणि तिच्याखाली ही मशीन. तिचं डोकं आत दुमडलं की वर सपाट टेबल होतं. हे कचेरीत नकाशे काढायचे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, हातावर सावली पडत नाही, असं यांनी मला एकदा समजावून सांगितलं — तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

यांना जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची, असा काही खेळ. सैनिक विकत कुठे मिळणार? मग सुखदेवभाऊजी मदतीला आले. ते यांचे शाळेपासूनचे मित्र, गांधीबागेकडे एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. झिजलेले खिळे मालकांना विचारून आणायचे, माझ्या फोडणीच्या कढल्यात वितळवायचे आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायचे. लग्नपत्रिका छापून छापून दमलेली अक्षरं आमच्याकडे येऊन शिपाई झाली.

रंगवायला टेबल हवं होतं. "दोन दिवस दे," हे म्हणाले, "रंग वाळेपर्यंत."

तीन वर्षं रंग वाळत होता.

मशीनच्या खणात ब्रश गेले. माझ्या दोऱ्याच्या लाकडी रिळांवर मेणाने शिपाई चिकटले, म्हणजे रंगवताना अंगाला बोट लागत नाही. शिवताना बोटात घालायच्या माझ्या अंगुस्तानात टर्पेंटाइन. भरतकामाच्या कात्रीने ब्रशचे केस कापून तीनच उरवायचे, डोळे काढण्यासाठी. सोडावॉटरच्या बाटल्यांच्या पत्र्याच्या झाकणांत रंग. पोळपाट तेवढा वाचला, कारण तो गोल होता.

रविवारी दुपारी जमिनीवर सतरंजी, सतरंजीखाली माझी उशी. ती सीताबर्डीची टेकडी. हे नागपूरच्या भोसल्यांकडून, भाऊजी इंग्रजांच्या कंपनीकडून.

"अबे, दर वेळी मीच काहून इंग्रज?" भाऊजी कुरकुरायचे.

"तुले दान चांगलं पडते, म्हणून."

आणि खरंच पडायचं. भोसले दर रविवारी नव्याने हरायचे, आणि मी चहा ठेवायचे.

मग यांनी ठरवलं की आपल्या फौजेत कमी आहे ती सेनापतीची. कंपनीचा एक घोडेस्वार घेतला, करवतीच्या पात्याने त्याचं मुंडकं उतरवलं, तिथे आपल्या तोफेवरच्या एका गोलंदाजाचं बसवलं — मध्ये माझी टाचणी. पागोटं माझ्या जरीच्या दोऱ्याचं. डोळ्यांना अकरा दिवस लागले. नेमक्या त्याच अकरा दिवसांत मला भाचीच्या बारशाचं झबलं शिवायचं होतं. मी रोज विचारायचे. रोज रंग ओला. शेवटी झबलं इतवारीतून विकत आणलं. बहिणीने चार बायकांत ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "मशीन विकली का वं?"

मी हसले. हसले ना — तिथेच सगळं बिघडलं असावं.

पुढच्या रविवारी नवा सेनापती टेकडीवर चढला आणि भोसले जिंकले. पहिल्यांदाच. हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मग दोघं कोपऱ्यावर पानाला गेले. भाऊजी तिथूनच सायकलवर घरी जाणार होते, पिशवी खांद्याला होती. मी सतरंजी आवरायला वाकले. सेनापती माझ्या उशीवर उभा होता, माझा जरीचा दोरा डोक्याला गुंडाळून. वाटलं, शोधू देत संध्याकाळभर. उचलला आणि तिळाच्या डब्यात टाकला. तीळ आमच्याकडे संक्रांतीलाच निघतात.

यांनी घर धुंडाळलं. उशी उसवली. जेवताना म्हणाले, "आज हरला ना सुखदेव. त्यानेच नेला."

'नाही हो,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "भाजी वाढू?"

पुढच्या रविवारी भाऊजी आले ते अंगणातच थांबवले गेले.

"मी काहून नेईन गा? माह्याच शिशाचा आहे ना तो!"

"म्हणूनच," हे म्हणाले.

भाऊजी गेले. सोमवारी यांनी रंगाचं सामान आवरलं, मशीनचं डोकं स्वतः वर काढलं, तेलसुद्धा घातलं. खेळच नाही तर टेबल कशाला? मी आठवड्यात तीन ब्लाउज शिवले. मशीन काय सुरेख चालत होती! ब्लाउज झाले की सांगू, असं ठरवलं होतं. मग पडदे काढले शिवायला.

महिन्याने भाऊजी पुन्हा आले. कागदाची पुडी यांच्या हातात दिली. "घे. तुहा नाही हा. नवा केला. खेळ नको थांबवू, बस."

पुडीत सेनापती होता. घोडा, पागोटं, सगळं. हे त्याला खिडकीपाशी घेऊन गेले आणि पात्याने खांद्यावरचा रंग खरवडू लागले. वरच्या रंगाखाली आपला रंग सापडेल, अशी यांची खात्री. खाली निघालं नुसतं कोरं शिसं. आता पटलं असेल, असं वाटतं ना तुम्हाला?

"बघ," हे माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी टर्पेंटाइनने धुऊन काढलाय. काय सफाई आहे!"

त्या सेनापतीचे डोळे तिरळे होते. यांच्या हातून असे डोळे जन्मात उतरले नसते. हे यांनाही दिसलं असणारच — पण तोवर फार बोलून झालं होतं. मी चहा घेऊन उभी. डबा माझ्यापासून चार हातांवर. झाकण काढायचं, दुसरं काही करायचं नव्हतं. मी काढलं नाही. भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू — मशीनवर पडदा लावलेला होता, अर्धा शिवून झालेला.

भाऊजींनी चहा घेतला नाही. त्यानंतर ते आले नाहीत. फौज ट्रंकेत गेली. रविवारी दुपारी हे झोपू लागले. संक्रांतीला मी दर वर्षी नवे तीळ आणले. जुन्यांना वास येतो, असं यांना सांगायचे.

दहा वर्षं अशी गेली. हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. बराच वेळ खिडकीकडे पाहत बसले. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, तो सापडला का कधी?"

आता कुणाचं काय बिघडणार होतं? मी म्हटलं, "नाही."

ते मान हलवत चपला घालू लागले. "मलेच वाटे कधी कधी, चुकून पिशवीत गेला असन. घर उलथून पाहिलं होतं मी."

मशीन खिडकीखाली आहे. तिरळा सेनापती ट्रंकेत आहे, त्याचा खांदा खरवडलेला. पहिला अजून तिळाच्या डब्यात आहे. सुखदेवभाऊजी इतवारीत राहतात, सायकलने पाऊण तास. मला सायकल येते.