परवलीचा शब्द

परळच्या बागेत दुपारी माझ्या बाकावर एक मुलगी येऊन बसायची. मांडीवर काळ्या कव्हरची जाडजूड कादंबरी. नजर पुढे पळू नये म्हणून पानाचा खालचा भाग ती तळव्याने झाकून वाचायची.

"कसली गं गोष्ट?" मी एकदा विचारलंच.

"विद्यापीठातल्या गुप्त मंडळांची, आजी. काळी जादू, खून. परवलीच्या शब्दाशिवाय आत घेत नाहीत."

"आणि तू तास बुडवून इथे?"

"कॉलेजात जायचं की सोडायचं, तेच ठरवतेय. पुस्तकातला शब्द निदान शोधून काढता येतो. आमच्याकडे 'राहतेस कुठे?' एवढंच विचारतात. लालबागची चाळ म्हटलं, की ग्रुप फुल्ल."

मला हसू आलं, ते माझंच. कॉलेजात असताना वाङ्मय मंडळात घेतील म्हणून मीही आईची इरकल नेसून, अबोली माळून आठवडाभर दाराशी उभी होते. ध्यान नुसतं! तिला ते सांगितलं.

"मग घेतलं?" तिने पुस्तक मिटून विचारलं.

थाप मारायला हवी होती. पण या वयात थापांचाही कंटाळा येतो.

"नाही गं. मी उभी आहे, हेच त्यांना दिसलं नाही."

तिने मान हलवली, सॅक खांद्याला लावली आणि कॉलेजकडे पाठ करून ती घरच्या रस्त्याला लागली.